पलंगाखाली लपून भीती जात नाही

विठ्ठलवाडी स्टेशनाच्या पूर्वेला, काटेमानिवलीकडे जाताना एक खोली आणि स्वयंपाकघर एवढीच ऐसपैस असलेली शेकडो घरं लागतात. त्यांतलं कुठलंही एक घर डोळ्यांपुढे आणावं. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. आई-वडील अजून लोकलच्या गर्दीत. घरात नऊ वर्षांचा नातू आणि त्याची आजी. आजी कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, नातू कॉटच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलाय, कानात इयरफोन, हातात आईचा जुना मोबाइल. एकदम तो ताडकन उडतो, मोबाइल गादीवर पडतो. आजी विचारते, "काय रे, काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही. ग्रॅनीनं पकडलं."

ही ग्रॅनी म्हणजेही आजीच. फरक इतकाच, की तिच्या हातात रक्तानं माखलेली बॅट असते.

'ग्रॅनी' हा मोबाइलवरचा भयपट-गेम २०१७ साली आला. डीव्हीलोपर या नावानं काम करणाऱ्या निर्मात्याचा हा गेम फुकट उतरवून घेता येतो, साध्या फोनवरही चालतो, आणि म्हणून महागड्या कन्सोलचं तोंडही न पाहिलेल्या घरांत तो सहज पोचला. त्याचे पुढचे भागही निघाले. खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून सगळं दिसतं. पडद्यावर स्वतःचं शरीर नाही, फक्त समोरचा काळोखा बोळ. एका बंद घरात तुम्ही जागे होता. पाच दिवसांत किल्ल्या, पक्कड, हातोडा असं सामान शोधून मुख्य दार उघडायचं. म्हातारी घरभर फिरत असते आणि तिला सगळं ऐकू येतं. हातातली वस्तू खाली पडली की ती आवाजाच्या दिशेनं येते. मग कपाटात किंवा पलंगाखाली लपायचं. सापडलात की बॅटचा तडाखा, अंधार, आणि दुसरा दिवस.

गेम म्हणून यात हुशारी आहे, हे आधी मान्य करायला हवं. आवाज हेच संकट ठरवल्यामुळे खेळणारा स्वतःचा श्वाससुद्धा रोखून धरतो. शत्रूपेक्षा शांततेचीच धास्ती जास्त. फारसा पैसा न ओतता एवढा परिणाम साधणं सोपं नाही. मुलांना तो आवडतो यात नवल नाही, आणि भुताच्या गोष्टी आवडणं हा काही आजार नव्हे. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून रात्री पांघरुणातून तोंड बाहेर न काढता झोपल्या आणि पुढे व्यवस्थित नोकऱ्याही करत राहिल्या. तक्रार भीतीबद्दल नाहीच. हा गेम भीती ज्या पद्धतीनं देतो, तिच्यात काही मोठ्या उणिवा आहेत, आणि त्या उणिवा मेंदूच्या कामकाजाशी ताडून पाहिल्या तरच नीट दिसतात.

पहिली गोष्ट, दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या सेकंदाच्या काही शतांश भागात मिटतात, मान आणि खांदे आखडतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून होते; विचार करणाऱ्या भागाला खबर लागण्याआधीच ती होऊन गेलेली असते. खरी भीती यापेक्षा संथ असते. तिच्यात अंदाज असतो, वाट पाहणं असतं, 'आता काय होईल' असतं. माणूस आधीच धास्तावलेला असेल तर दचकणंही जास्त जोराचं होतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. भयपट-गेम नेमकं हेच वापरतात: आधी लांबलचक शांतता, मग कानात किंकाळी.

अडचण अशी, की दचकवणं स्वस्त आहे. त्याला कथा लागत नाही, पात्र लागत नाही. 'ग्रॅनी'तली पहिली अर्ध्या तासाची धास्ती खरी असते. नंतर म्हातारी का मारते, हे घर कुणाचं, आपण इथे कसे आलो, यातलं फारसं काही कळत नसल्यानं धास्तीला खायला काही उरत नाही. उरतो तो फक्त तडाखा. मोठा खेळाडू इथे कंटाळून गेम काढून टाकतो. लहान मुलाचं तसं होत नाही. त्याचं शरीर मात्र प्रत्येक तडाख्याला उडत राहतं, आणि रात्री साडेनऊला उडालेलं शरीर दहा वाजता झोपेल अशी अपेक्षा घरचे करत राहतात.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे, ती मात्रेची. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठात गमतीच्या भीतीचा अभ्यास करणारा एक गट आहे. त्यांनी वाइला शहरातल्या एका 'भुताच्या घरात' शिरणाऱ्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले, त्यांचं वागणं टिपलं, आणि किती मजा आली तेही विचारलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थोडक्यात असा: भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार जास्त असेल तरीही नाही, मजा मधल्या टप्प्यावर असते. मिसळीच्या तर्रीसारखंच. आणि हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. पंधरा वर्षांच्या दादाची मजा ही आठ वर्षांच्या बहिणीची आठवड्याची झोपमोड असू शकते.

आता 'ग्रॅनी'तली सोय बघा. सोपं, मध्यम, कठीण, अतिकठीण असे पर्याय आहेत. पण या पर्यायांनी प्रामुख्यानं म्हातारीचा वेग आणि खेळाची अवघड पातळी बदलते. किंकाळीचा आवाज किती असावा, चेहरा पडद्यावर किती जवळ यावा, पकडल्यावरचं दृश्य दिसावं की नाही, हे ठरवण्याची सोय तिथे नाही. अवघडपणा कमी करणं म्हणजे भीती कमी करणं, असा हा घोटाळा आहे, आणि तो या एका गेमपुरता नाही. बहुतेक भयपट-गेम तो करतात. सरावाची एक पातळी आहे, तिच्यात म्हातारी घरात नसतेच. म्हणजे भीती एकतर पूर्ण किंवा शून्य.

याच्या शेजारी पारंपरिक गोष्ट ठेवून पाहावी. दिवे गेलेत, पाऊस कोसळतोय आणि आजी मुंजाची किंवा हडळीची गोष्ट सांगतेय. सांगताना तिचं लक्ष गोष्टीवर कमी आणि नातवंडांच्या तोंडांवर जास्त असतं. धाकटीचा ओठ थरथरला की हडळ लगेच वाट बदलून दुसऱ्या गावाला जाते. थोरला जांभई द्यायला लागला की पिंपळावरून मुंजा खाली उतरतो. मात्रा हातात असलेला माणूस समोर बसलेला असतो आणि त्याची मांडी उबदार असते. मोबाइलला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. कॅमेरा असून दिसत नाही, हे त्यातलं विशेष.

आणि असं करता येतच नाही असंही नाही. 'नेव्हरमाइंड' नावाचा २०१५ सालचा एक भयपट-गेम खेळणाऱ्याच्या हृदयाचे ठोके सेन्सरमधून वाचतो. हाही खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून दिसणारा. ताण वाढला की खेळ अवघड होतो, श्वास सावकाश करून शांत झालात की वाट मोकळी होते. नेदरलँड्समध्ये चिंताग्रस्त मुलांसाठी तयार झालेला 'माइंडलाइट' तर आणखी गमतीचा आहे. त्यातही एक लहान मुलगा आणि आजीचं अंधारं घर आहे. डोक्यावर लावलेल्या पट्टीतून मेंदूच्या विद्युतलहरी वाचल्या जातात, आणि मूल जितकं शांत होईल तितका पडद्यावर उजेड वाढतो. भुतांकडे पाठ फिरवायची नाही, उजेड धरून उभं राहायचं. चाचण्यांमध्ये या खेळानं मुलांची चिंता कमी झाली. एका चाचणीत तर तो समुपदेशनाच्या प्रस्थापित पद्धतीच्या बरोबरीनं उतरला. दुसऱ्या एका चाचणीत मात्र तुलनेसाठी दिलेल्या साध्या बाजारातल्या गेमनंही चिंता तितकीच कमी झाली, तेव्हा जादू नेमकी कशात होती हा प्रश्न शिल्लक आहेच. पण अंधारं घर आणि आजी हे साहित्य घेऊन वेगळं काही शिजवता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

भयपट-गेमच्या बाजूनं नेहमी एक युक्तिवाद केला जातो: यातून मुलं धीट होतात. त्यात तथ्याचा अंश आहे. कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत भयपट आवडणाऱ्या लोकांना मानसिक त्रास तुलनेनं कमी झाल्याचं एका अमेरिकन-डॅनिश संशोधनात आढळलं होतं. अर्थात भयपटामुळे धीर आला की मुळात धीट माणसांनाच भयपट आवडतात, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. शिवाय ते सगळे प्रौढ होते.

आणि मानसोपचारात भीती घालवण्याची जी पद्धत सर्वांत खात्रीची मानली जाते, ती पाहिली की 'ग्रॅनी' नेमका उलटा धडा गिरवून घेतो असं लक्षात येतं. कुत्र्याला भिणाऱ्या मुलाला आधी कुत्र्याचं चित्र, मग लांबून बांधलेलं कुत्रं, मग जवळून, असं पायरीपायरीनं नेतात. प्रत्येक पायरीवर मुलानं तिथेच थांबायचं असतं. भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि काही झालं नाही हे कळल्यावर आपसूक उतरते. ती उतरल्याचा अनुभव हेच औषध. पळून गेलं, डोळे मिटून घेतले, तर सुटल्यासारखं वाटतं खरं. पण मेंदू त्यातून एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त.

'ग्रॅनी'त वाचायचं कसं? पलंगाखाली जाऊन. तिथेच श्वास रोखून पडायचं आणि पावलं लांब गेली की बाहेर यायचं. आणि भीती शिगेला पोचते त्या क्षणी, म्हणजे तडाखा बसतो तेव्हा, पडदा काळा होतो आणि खेळ पुन्हा सुरू. चढलेली भीती उतरायला जागाच नाही. पाच वेळा चढ, एकदाही उतार नाही. यातून धीटपणा कसा यावा? चार मित्र एकत्र बसून एकच मोबाइल फिरवत, ओरडत-हसत खेळतात तेव्हा उतार मिळतो, कारण हसण्यात तो असतो. म्हणून दहावीतल्या पोरांच्या टोळक्याची चिंता करण्याचं फारसं कारण नाही. चिंता आहे ती इयरफोन घालून एकट्यानं खेळणाऱ्या लहानग्याची.

आता त्या म्हातारीकडे वळू.

लहान मुलं भितात कशाला, याचा अभ्यास अमेरिकेत जोआन कँटर या संशोधिकेनं अनेक वर्षं केला. सिंथिया हॉफनर यांच्याबरोबर १९८५ साली केलेल्या एका प्रयोगात त्यांनी एका म्हाताऱ्या बाईची फीत चार प्रकारे बनवली. दिसायला मायाळू आणि वागायला मायाळू. दिसायला मायाळू पण वागायला दुष्ट. दिसायला चेटकिणीसारखी पण वागायला मायाळू. आणि दोन्ही बाबतीत वाईट. तीन ते पाच वर्षांची मुलं बाईच्या वागण्यापेक्षा तिच्या रूपावर जास्त गेली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी मात्र ती वागते कशी, याला जास्त महत्त्व दिलं. म्हणजे जितकं मूल लहान, तितका चेहराच खरा. सुरकुत्या, पांढरे विस्कटलेले केस, फिकट कातडी, वाकलेली चाल: 'ग्रॅनी'नं भीतीसाठी निवडलेल्या या खुणा वयाच्या आहेत, दुष्टपणाच्या नाहीत. त्या घरोघरी आहेत.

याच कँटर यांनी क्रिस्टन हॅरिसन यांच्यासोबत १९९९ मध्ये दोन अमेरिकन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या कशाची भीती पुढे टिकून राहिली का. ९० टक्के विद्यार्थ्यांनी असा अनुभव सांगितला. साधारण चौघांतल्या एकाच्या मनात ती धास्ती तेव्हाही शिल्लक होती. ते सिनेमे आणि टीव्ही मालिका होत्या. तिथे पात्राच्या मागे कुणी धावतं. या गेममध्ये बघणाऱ्याच्याच मागे धावतात.

विठ्ठलवाडीच्या त्या खोलीत ही गोष्ट एखाद्या घरात आणखी टोकाला जाते. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीच्या अभ्यासात मांडला गेला. या आजारात संध्याकाळनंतर गोंधळ वाढणं, रात्री उठून घरभर फिरणं, दार उघडून बाहेर जाण्याचा प्रयत्न करणं, आवाजानं बिथरणं ही लक्षणं नेहमीची. रात्री फिरणारी, आवाज झाला की चिडून येणारी म्हातारी. गेमनं मुलाला जे भूत दाखवलं, तेच लक्षण होऊन घरात उभं राहतं. फरक समजावून सांगायला कुणी नसेल, तर नातू आजीच्या शेजारी झोपायला नकार देतो. एका खोलीच्या घरात दुसरीकडे झोपायला जागा नसते. आजीला काय वाटतं हे तर कुणी विचारतच नाही.

मनोविकारांबाबत हा सगळाच प्रकार फार निष्काळजी आहे. 'आउटलास्ट' या २०१३ सालच्या गाजलेल्या गेममध्ये मनोरुग्णालयातले रुग्णच राक्षस आहेत. तिथेही शस्त्र नाही, फक्त पळायचं आणि लपायचं. कथेत त्या रुग्णांवर भयंकर प्रयोग झाले आहेत असं सांगितलं जातं. पण खेळणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच, की 'वेडा' दिसला की जीव घेऊन पळा. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या लोकलमध्ये अजून चालतो, आणि नैराश्यासाठी त्या रुग्णालयाची पायरी चढायला माणसं अजून कचरतात. त्या कचरण्यात अशा कथांचा थोडाफार हात असणारच. सगळा दोष गेमचा म्हणणं अतिशयोक्ती होईल; आपल्या सिनेमांनी हे काम गेमच्या कितीतरी आधी उरकलेलं आहे.

शरीराच्या तक्रारी तुलनेनं साध्या. डोळ्यांना वाटतं आपण धावतोय, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळतं की आपण बसलोय. या विसंवादातून घाटातल्या एसटीसारखी मळमळ होते. अंधारं चित्र आणि बोटानं गरागरा फिरवलेला कॅमेरा यात ती जास्त. लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा धोका थोड्यांनाच असतो, पण तो खरा असतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'चा लाल-निळा लखलखाट असलेला एक भाग पाहून साडेसहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको, हा संकेत रूढ झाला. घरात कुणाला फिट येत असेल तर अंधाऱ्या खोलीत असले गेम नकोतच.

मग यावर लक्ष कुणाचं? सिनेमासाठी भारतात सेन्सॉर मंडळ आहे आणि २०२४ पासून यूए प्रमाणपत्रातही ७, १३ आणि १६ वर्षं अशा पायऱ्या आल्या. गेमसाठी असं मंडळ नाही. गुगलच्या दुकानात दिसणारा वयाचा आकडा निर्मात्यानं स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. ते गरजेचं होतं. पण आठ वर्षांच्या मुलाच्या झोपेला पैशांत किंमत नसल्यानं ती कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली, असं म्हणायला जागा आहे. बंदी हा उपाय नाही, हे २०२० च्या पबजी बंदीनं दाखवलंच. वर्षभरात तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला. भीतीची मात्रा कमी-जास्त करायची सोय सक्तीची करणं हे बंदीपेक्षा सोपं आणि जास्त उपयोगाचं ठरेल. मोठ्या गेममध्ये रंगांधळ्यांसाठी, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पर्याय आता सर्रास असतात. कोळ्याची भीती असणाऱ्यांसाठी कोळी अदृश्य करण्याची सोय काहींनी दिली आहे. किंकाळी बंद करणारं एक बटण देणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही.

तोपर्यंत घरात करण्यासारखं थोडंसं आहे. इयरफोन काढून आवाज खोलीत सोडला की भीतीचा निम्मा जोर जातो, कारण त्या किंकाळीत कुकरची शिट्टी आणि शेजारच्या टीव्हीवरची मालिका मिसळते. झोपेच्या तासभर आधी गेम बंद. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला 'ते खोटं असतं रे' सांगून उपयोग होत नाही. त्याला जवळ घेणं, दिवा चालू ठेवणं, काहीतरी खायला देणं लागू पडतं. मोठ्या मुलाला मात्र समजावणं लागू पडतं: म्हातारी कशी बनवली, आवाज कसा भरला हे त्याच्याबरोबर बसून बघावं. सरावाच्या पातळीत म्हातारी नसलेलं ते घर एकदा त्याच्याबरोबर फिरून यावं. महिना उलटला तरी एकट्यानं मोरीत जायला नकार, अंथरूण ओलं होणं, शाळेत जाताना पोटदुखी असं चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना सांगावं. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आणि घरात आजीला विसरण्याचा आजार असेल, तर नातवाला तो आजार नावानिशी सांगावा. ती रात्री का उठते, तिला काय शोधायचं असतं, तिनं हाक मारली तर काय म्हणायचं, हे दिवसा, आजीसमोर, साध्या शब्दांत. तिची काठी कोपऱ्यात कुठे ठेवायची आणि रात्री दिव्याचं बटण कुणी दाबायचं, हे काम त्यालाच द्यावं.